टाकीत पाणी चढलं की

१९ ऑगस्ट १९५६, रविवार. सकाळ.

आजपासून इंजिनाचं काम हातात घेतलं. म्हणजे निर्णय घेतला. निर्णय हेच निम्मं काम असतं.

विहिरीवरचा पंप ओढणारं छोटं इंजिन ठिणगी देत नाही. मिलिटरी डिस्पोजलमधून घेतलेलं आहे, अस्सल ब्रिटिश माल. ठिणगी देणारे पॉइंट फ्लायव्हीलच्या आड असतात. फ्लायव्हील म्हणजे इंजिनाच्या दांड्यावर बसवलेलं जड लोखंडी चाक. ते काढायचं, पॉइंट घासायचे, परत बसवायचं. एका सकाळचं काम. पुढच्या रविवारी गच्चीवरच्या टाकीत पाणी.

वसुधाला हे सांगितलं. तिने कळशी खाली न ठेवताच ऐकलं. म्हणाली, तोवर रहाटाला दोन थेंब तेल तरी द्या, फार जड फिरतो. मी म्हटलं, जो रहाट रविवारी रिटायर होणार त्याला तेल कशाला? आणि ते तेल इंजिनाचं आहे, रहाटाचं नव्हे. ती कळशी घेऊन आत गेली, म्हणजे पटलं असावं.

घरभर बामचा वास. तिचा खांदा दुखतो म्हणे. पावसाळी हवा. घरात आम्ही दोघंच, त्यात बामची डबी महिनाभरही पुरत नाही.

२२ ऑगस्ट. ऑफिसातून आल्यावर.

नट हलत नाही. पाना लावून पूर्ण ताकदीने फिरवला. शेजारचा काशीराम कुंपणावरून बघत होता. काशीराम बँकेत आहे, पण मामेभाऊ मोटार गॅरेजमध्ये असल्यामुळे स्वतःला निम्मा मेकॅनिक समजतो. म्हणाला, श्याम, तू तो आवळतोयस यार.

मी म्हटलं, माहीत आहे. आधी आवळून नट जागेवरून हलवायचा, मग सोडायचा, अशी एक पद्धत आहे. अशी पद्धत नसली तर असायला हवी.

२६ ऑगस्ट, रविवार.

नट निघाला! उलट्या बाजूने. चाक मात्र दांड्याला घट्ट धरून बसलं आहे.

पहार घालून उचकटलं. चाकाच्या कडेचं एक पातं तुटलं. वारा घालायची पाती असतात ती, बरीच आहेत. बाकीची शाबूत.

सकाळी वसुधाचा हात पाणी ओढता ओढता वरच अडकला. खाली येईना. दोर सुटला, पोहरा विहिरीत गेला. डॉक्टर म्हणाले, यापुढे ओझं उचलायचं नाही, एक कळशीसुद्धा नाही. डॉक्टर लोकांना अतिशयोक्तीची सवय असते. तिचा धाकटा भाऊ नंदकुमार घाटकोपरहून येऊन तिला घेऊन गेला. त्याच्या बिऱ्हाडात नळ आहे.

फाटकापाशी ती म्हणाली, टाकीत पाणी चढलं की निरोप पाठवा. त्याआधी नको.

इंजिनावर एवढा विश्वास बायका सहसा दाखवत नाहीत. बरं वाटलं.

२७ ऑगस्ट.

घर शांत आहे. कामाला चांगलं. बामचा वासही कमी झाला.

संध्याकाळी दिवा लावायचा राहिला. अंधारात कुठे काय आहे ते मला पाठ आहे, त्यामुळे अडलं नाही.

२ सप्टेंबर, रविवार.

चाकाच्या मधोमध रॉकेल ओतून ठेवलं. मुरू द्यायचं. काशीरामचा सल्ला, पण मला आधीच सुचलेलं होतं.

दांडा आणि चाक यांच्या सांध्यात तपकिरी, चिकट खरपुडी आढळली. खवट वास. भांडी घासायला येणारी शेवंती जवळच उभी होती. वाकून वास घेतला आणि म्हणाली, ह्यां नारळाचां पाणी, सायबानु. दरसाल हेच्यार नारळ फोडतास, ता पाणी जातला खंय? बाई म्हणत होत्यो तुमका.

बाई म्हणाल्याचं मला आठवत नाही. नारळ फोडतो हे खरं. दर खंडेनवमीला झेंडूची माळ, हळदकुंकू आणि नारळ. तोही दगडावर नाही, बरोबर नटाच्या डोक्यावर, माझ्या हाताने. दगडाने आपल्यासाठी काय केलंय? मान यंत्राचा. शिवाय नारळाचं पाणी पवित्र असतं, त्याने लोखंड गंजलं असं कोणत्याही पुस्तकात नाही.

खरपुडी मिठागरांच्या खाऱ्या वाऱ्याने धरली आहे. मुलुंडला राहायचं तर हे आलंच.

५ सप्टेंबर.

शेवंतीने सांगितलं की भांड्यांपुरतंच पाणी काढीन, तुमच्या आंघोळीचं तुम्ही बघा. बाईंचो हात गेलो, आता माझो घालवूचो काय, असं वर विचारलं. नोकरमाणसांना टेक्निकल अडचणी कळत नाहीत.

मी स्वतः पाणी काढत नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे. एकदा हाताने काढायची सवय लागली की इंजिनावरचं लक्ष उडतं. आंघोळ काशीरामकडे. जेवण स्टेशनाजवळच्या खानावळीत. सगळं सिस्टिमॅटिक लागलं आहे.

९ सप्टेंबर, रविवार.

लोखंड तापलं की फुगतं, या नियमाचा आज प्रयोग केला. चाकाखाली स्टोव्ह पेटवला. चाक तापलं, फुगलं असणार. दांडाही तापला आणि बहुधा तोही तेवढाच फुगला. सात दिवस मुरवलेलं रॉकेल मात्र भडकलं. भुवया गेल्या. डाव्या बाजूची निम्मी आहे.

काल गणपती बसले. आमच्याकडे दीड दिवसाचा असतो. वसुधा नसल्यामुळे मूर्ती आणली नाही. कोनाडा रिकामाच ठेवला. काशीरामकडे आरतीला गेलो, तिथे त्याच्या बायकोने विचारलं, वसुधाताई कधी येणार? म्हटलं, फ्लायव्हील निघालं की. तिला फ्लायव्हील म्हणजे काय ते कळलं नसावं. तिने माझ्या हातावर जास्तीचा मोदक ठेवला.

१६ सप्टेंबर, रविवार.

काशीरामच्या मामेभावाकडून पुलर आला. तीन पायांचं हत्यार. पाय चाकाच्या कडेला अडकवायचे, मधला स्क्रू पिळायचा, चाक आपोआप वर येतं. फार शास्त्रीय वस्तू आहे. पाहूनच मोराल वाढलं.

दुपारी. पुलरचा एक पाय वाकला.

संध्याकाळी. काशीराम म्हणाला, मामेभावाला काय सांगू? म्हटलं, आपल्याकडचं चाक अस्सल ब्रिटिश आहे, त्याचा पुलर देशी असेल. तो पुलर घेऊन गेला. नाचता येईना अंगण वाकडं, असं काहीतरी कुंपणापलीकडे पुटपुटला. मामेभावाविषयी असावं.

२१ सप्टेंबर.

पितृपंधरवडा लागला. या दिवसांत नवीन काम सुरू करू नये. हे काम जुनं आहे हे मान्य, पण प्रत्येक प्रयत्न नवीन असतो. सर्वपित्रीपर्यंत इंजिनाला हात लावणार नाही. विश्रांतीने धातूचा ताण कमी होतो.

उगीच गच्चीवर गेलो. टाकीत कबुतरांनी काड्या आणल्या आहेत. टाकी मात्र मजबूत बांधली आहे. पाहुणे आले की मी त्यांना वर नेऊन दाखवतो.

पहिल्या वर्षी इंजिन एकदाच नीट चाललं होतं. टाकीत पाणी चढलं, मोरीतला नळ सोडला तर धार आली. वसुधाने त्या धारेखाली दोन्ही हात धरले. कोपरापर्यंत. बराच वेळ. नळ बंद कर, पाणी वाया जातंय, असं मी म्हणालो होतो. ती हसली होती की नाही ते आठवत नाही. हसली असावी.

त्याच दसऱ्याला इंजिनावर पहिला नारळ फोडला.

३० सप्टेंबर, रविवार.

घाटकोपरला जाऊन आलो. वसुधाचा हात गळ्यात बांधलेला नाही आता. खांद्याच्या वर जात नाही एवढंच. तिने डाव्या हाताने नळ सोडला आणि तांब्या भरला. सहज. नळाकडे बघितलंसुद्धा नाही. ती जरा भरल्यासारखी वाटली.

मी तिला पुलरची सगळी हकिगत सांगितली. ती ऐकत होती. शेवटी विचारलं, जेवता कुठे? आणि, रहाटाला तेल दिलंत का? मी म्हटलं, विषय फ्लायव्हीलचा चालला आहे.

निघताना नंदकुमार जिन्यापर्यंत आला. म्हणाला, भावोजी, स्पष्टच सांगतो. ताई दसऱ्याला येणार आहे. टाकीत पाणी असलं तर राहील. नसलं तर उरलेल्या साड्या घेऊन परत येईल आणि मग मी तिला पुन्हा तिकडे धाडणार नाही. इकडे तिच्यासाठी माळा करून घेतलाय. वर्षानुवर्षं पाणी ओढलंय तिने, आता बास.

नंदकुमार तापट आहे. पण तारीख मिळाली ते चांगलं झालं. डेडलाइन असली की मी उत्तम काम करतो.

६ ऑक्टोबर.

घटस्थापना झाली. नवीन कामाला मोकळीक.

मला स्वतःलाच उपाय सुचला आहे. आजवर आपण चाक इंजिनापासून ओढत होतो. चूक! इंजिनच चाकापासून ओढलं पाहिजे. इंजिन जड आहे. चाकाला दोर बांधून ते उंच टांगायचं. खाली इंजिन लोंबकळणार, स्वतःच्या वजनाने रात्रंदिवस चाकातून निसटायचा प्रयत्न करणार. आपण ऑफिसात, काम चालू.

एवढं वजन पेलेल असं अंगणात एकच आडं आहे. रहाटाचं.

७ ऑक्टोबर, रविवार.

इंजिन टांगलं. काशीराम आणि मी, दोघं. विहिरीच्या तोंडावर फळ्या टाकल्या आहेत, त्यामुळे धोका शून्य. काशीराम म्हणाला, अरे पण विहिरीवरच कशाला, वाट लागेल यार. मी त्याला फळ्या दाखवल्या. त्याने त्यावर पाय आपटून बघितला.

चाक निघाल्याबरोबर इंजिन सुरू करता यावं म्हणून घरातलं सगळं तेल आजच त्याच्या पोटात ओतून ठेवलं. डबा उपडा करून निथळला. आयत्या वेळी धावपळ नको.

१० ऑक्टोबर.

लोंबकळतंय. किंचित हललं असा भास झाला. वाऱ्याने असेल.

शेवंतीला पाणी काढायला फळ्या सरकवाव्या लागतात, इंजिन बाजूला ढकलावं लागतं, म्हणून ती कुरकुरते. काम झालं की फळ्या परत टाकत जा, असं बजावलं. ती म्हणाली, फळ्यो माझ्या बापाशीन टाकल्यो नाय.

१३ ऑक्टोबर, शनिवार. खंडेनवमी. सकाळ.

परवा, काल, आज, प्रत्येक सकाळी आधी रहाटाकडे जातो. चाक वर, इंजिन खाली, मध्ये तसूभर फट नाही. उद्या दसरा. टाकीत कबुतरं.

काही वाटत नाही. घाबरल्यासारखं व्हायला हवं होतं. हात बधिर झाल्यावर चिमटा काढला तर कळत नाही, तसं आहे. सवयीने झेंडू आणले, माळ ओवली. ओवणं वसुधाचं काम. माझी माळ एका बाजूला दाट झाली.

पूजा करायचीच. इंजिन बंद असलं म्हणून त्याचा मान जात नाही. टांगलेलं असल्यामुळे दांड्याचं टोक बरोबर वर आलं आहे, नारळ फोडायला उलट सोयीचं.

त्याच दिवशी. दुपार.

जे घडलं ते क्रमाने लिहितो.

शेवंती सकाळी पाणी काढून गेली. फळ्या तिने परत टाकल्या नाहीत. मी पाहिलं होतं. पण मुहूर्त टळत होता आणि फळ्या टाकायच्या तर पूजेचं तबक खाली ठेवावं लागलं असतं.

काशीराम कुंपणापाशी उभा होता. कुंकू लावलं. माळ घातली. नारळ दोन्ही हातांत धरून नेहमीप्रमाणे मधोमध, दांड्याच्या टोकावर हाणला.

फ्लायव्हील निघालं.

म्हणजे चाक दोराला राहिलं आणि इंजिन खाली गेलं. आवाज यायला वेळ लागला असं वाटलं, पण तितका लागला नसावा. मग पाणी वर उडालं आणि पुन्हा खाली बसलं. चाक माळेसकट गोल फिरत होतं. नारळ फुटला नाही.

काशीराम म्हणाला, निघालं रे.

मी म्हटलं, हो. मेथड बरोबर होती.

१४ ऑक्टोबर, रविवार. दसरा.

वसुधा आली. स्टेशनवरून टांग्याने. नंदकुमार बरोबर नव्हता. टांग्यात मागे तिची ट्रंक होती. उरलेल्या साड्या न्यायला रिकामी ट्रंक आणली असं मला वाटलं. पण टांगेवाल्याने ती सरकवली तेव्हा जड आवाज आला. भरलेली होती. टाकीचं तिने विचारलंसुद्धा नाही.

ओटीवर पाटावर फ्लायव्हील ठेवलं होतं. पुसून, झेंडू वाहून. मी म्हटलं, बघ, निघालं. ती चाकाकडे बघत राहिली. मग विचारलं, बाकीचं कुठाय?

मी विहिरीकडे बोट केलं. ती काठापर्यंत गेली, वाकून बघितलं. पाण्यावर तेल पसरलं आहे. ऊन पडलं की निळे, जांभळे, पिवळे पट्टे दिसतात. दिसायला वाईट नाही. पिववत नाही एवढंच, आणि शेवंती म्हणते की त्यात भांडीसुद्धा घासता येणार नाहीत.

वसुधा बराच वेळ त्या पट्ट्यांकडे बघत होती. मग म्हणाली, एवढं तेल होतं घरात?

उत्तर सोपं होतं, पण सुचलं नाही.

ती आत गेली, देवाला नमस्कार केला, कोनाड्यावरची धूळ पदराने पुसली. माझ्या हातात आपट्याची पानं दिली. सोनं घ्या, म्हणाली. भुवईला काय झालं ते विचारलं. मग टांग्यात बसली. ट्रंक उतरवलीच नव्हती, त्यामुळे टांगेवाल्याला परत चढवावी लागली नाही.

टांगा वळणावर दिसेनासा झाला तरी मी फाटकापाशी उभा होतो. काशीरामची बायको बाहेर आली आणि आत गेली. मी उभाच होतो. वसुधा जावी असं मला वाटत नव्हतं. हे तिला सांगायचं राहिलं.

१७ ऑक्टोबर.

विहीर उपसायची आणि इंजिन वर काढायचं, असं ठरवलं. वर आलं की पॉइंट साफ करणं अगदी सोपं. चाक तर निघालेलंच आहे.

शेवंती सोडून गेली. काशीराम म्हणाला, माझी पाठ धरली आहे. म्हणजे आता आपला हात जगन्नाथ.

२१ ऑक्टोबर, रविवार.

आज पहाटेपासून स्वतः पाणी ओढलं. या घरात पहिल्यांदाच. तेलकट पाणी परसात ओतत गेलो, केळी काळवंडल्या. खाली पाणी तेवढंच दिसतं. झऱ्याची विहीर आहे, कधी आटत नाही. घर घेताना मी याचंच कौतुक सगळ्यांना सांगितलं होतं.

रहाट फार जड फिरतो. कुरकुरतो, मध्येच अडतो, मग दोर हिसका देतो. तो हिसका थेट खांद्यात बसतो. वसुधाने हे कधी नीट समजावून सांगितलं असतं तर लक्ष घातलं असतं. तेल द्यायला हवं. डबा बघितला, निथळलेला आहे.

मग एक बादली परसात न ओतता शिडीवरून गच्चीवर नेली. पुन्हा एक नेली. मध्ये बरेचदा बसलो. कबुतरांच्या काड्या काढल्या आणि टाकीत ओतलं. टाकीत पाणी चढलं, असा निरोप पाठवता येईल का, याचा विचार केला. शब्दशः खरं आहे.

मोरीत येऊन नळ सोडला. धार आली. तेलाचा वास होता. धारेखाली हात धरले, कोपरापर्यंत. थोड्या वेळाने धार बारीक झाली आणि थांबली.

निरोप पाठवला नाही.

आता उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. हे डाव्या हाताने लिहितो आहे, अक्षर वेडंवाकडं येतंय. लावायला काही मिळतं का बघितलं. तिची बामची डबी खिडकीत होती, उशाच्या बाजूला. झाकण सहज निघालं. आतलं सगळं बोटाने खरवडून नेलेलं होतं, कडेकडेचंसुद्धा.